उशीखालचा कागद

"या खाटेवर कोण झोपतं?" झडतीला आलेल्या पोलीस साहेबाने दरडावून विचारलं.

"दिवसा की रात्री?" पारास्काने विचारलं.

तिचा प्रश्न अगदी सरळ होता. तिच्यासारखेच बोटीने या परक्या देशात आलेले, पोलादाच्या कारखान्यातले सहा भाडोत्री तिच्याकडे तीन खाटांवर झोपत. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीच्या माणसाने नुकत्याच सोडलेल्या अंथरुणात शिरायचा. साहेबाला मात्र वाटलं, बाई आपली थट्टा करतेय.

आत्ता त्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ ओलेक्सा पडला होता. भट्टीपाशी हात भाजलेला, तापाने फणफणलेला. साहेबाने त्याची उशी उचलली आणि खालून एक छापील कागद ओढून काढला.

"रशियन अक्षरं! बाँबवाल्यांचा कागद!" तो ओरडला. "आमच्या देशात यायचं, आमचंच खायचं आणि आम्हालाच उडवायचं, काय?"

"ताई, काय लिहिलंय गं त्यात?" ओलेक्साने विचारलं.

"मला काय विचारतोस? मला कुठे वाचता येतं!" मग ती साहेबाकडे वळली. "साहेब, तो मी ठेवलाय. याला बरं वाटावं म्हणून. आमच्या चर्चच्या पोथीतली पवित्र अक्षरं आहेत ती. बाजारात एक जण फुकट वाटत होता."

"तुला वाचता येत नाही. मग कागद तुझा कसा?"

"त्यालाही येत नाही हो! तुम्हाला तरी येतं का?"

"मला वाचायची गरज नाही," साहेब म्हणाला. "याला परतीच्या बोटीत बसवलं की झालं."

पट्टी बांधलेल्या हातात बेडी जाईना. साहेबाने ती दुसऱ्या हातात अडकवली आणि ओलेक्साला जिन्यावरून खाली नेलं. त्याचे बूट खाटेखालीच राहिले.

पारास्का बूट घेऊन धावली, पण गाडी निघून गेली होती. ती परत आली आणि एकदम थबकली. साहेबाने कोपऱ्यातल्या मेरीमातेच्या तसबिरीकडे पाहिलंच नव्हतं. तसबिरीला टेकून तसाच दुसरा कागद उभा होता. तिनेच दोन मागून घेतले होते. गेले आठ दिवस ती रोज त्याच्यापुढे गुडघे टेकत होती.

तिने तो ओढून काढला आणि शेगडीचं झाकण उघडलं. कागद आत टाकवेना. ठेवायचीही भीती वाटत होती. तिचा उजवा हात सवयीने क्रूसाची खूण करायला कपाळाकडे गेला, मग छातीकडे, मग खांद्यांकडे.

"माते," ती पुटपुटली, "हा तुझाच आहे ना गं?"