घाटात बंद पडलेली गाडी

घाटाच्या वळणावर गाडी आचका देऊन बंद पडली ती पुन्हा सुरूच होईना. सुलभाने मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर आडवे केलेले वसंतराव डोळे मिटून शांत पडले होते. मघापासूनचं कण्हणं थांबलं होतं.

"जरा डोळा लागलेला दिसतोय," ती टपरीवरून धावत आलेल्या फ्रान्सिस मेस्त्रीला म्हणाली. "तेवढ्यात बघा. इस्पितळ गाठायचंय."

मेस्त्रीने बॉनेट उघडलं. "मारा स्टार्टर."

इंजिन नुसतंच घरघरलं.

"बॅटरी ठणठणीत आहे, पेट्रोलही येतंय. ठिणगीच पडत नाही. ताई, ही नाडीवाली गाडी ना? चोरी होऊ नये म्हणून आत बसलेल्या मालकाची नाडी लागली तरच चालते ती?"

"हो."

"नाडी कुणाची नोंदवलीय?"

"ह्यांची. माझीही नोंदवायला सांगत होते. मी म्हटलं, तुम्हाला सोडून मी कुठे जातेय?"

मेस्त्रीचा हात वायरींमध्येच थांबला.

"सापडला का बिघाड?" सुलभाने आतून विचारलं.

मेस्त्रीने बॉनेट खाली केलं नाही. केलं असतं, तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं.

"परत मारू का स्टार्टर?"

"मारा, ताई," तो बॉनेटआडून म्हणाला.