मधूनच विचारलं तर

"हृदयाला कप्पे किती?" आप्पांनी विचारलं.

भिकाजीने डोळे मिटले, अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकवला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. आप्पांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले, उपरण्याने नाक पुसलं. अंगणात वाळत घातलेल्या फणसाच्या आठळांतली एक कावळ्याने पळवली. अंगठा सावकाश पेरं चढत होता. तेव्हा कुठे भिकाजीने डोळे उघडले.

"चार."

"बरोबर. पण शिंच्या, इतका वेळ होतास कुठे?"

"कवटीपासून निघालो," भिकाजी म्हणाला.

आप्पा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना आत्ता उलगडा झाला. भिकाजी भिक्षुकाचा मुलगा. मॅट्रिक झाला तरी पाठांतराची रीत घरचीच. मुंबईच्या वैद्यकीय शाळेत शिरायचं तर तोंडी परीक्षा द्यायची, आणि तिला नेमलेलं तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक त्याने वडिलांनी रुद्र शिकवला तसंच पाठ केलं होतं. आधी वाक्य, मागोमाग त्याचा मराठी अर्थ, मग पुढचं वाक्य. एकेक पेर म्हणजे एकेक प्रकरण. अक्षर इकडचं तिकडे होत नसे, फक्त मधून सुरुवात करता येत नसे. गेल्या वर्षी साहेबाने पहिलाच प्रश्न गुडघ्याचा विचारला, आणि भिकाजी बरगड्यांपर्यंत पोचला तोवर पुढच्या उमेदवाराला हाक गेली. घरी येऊन त्याने सांगितलं, साहेब घाईत होता.

उद्याची आगबोट हंगामातली शेवटची. पुढच्या वर्षी त्याचं वय उलटणार होतं. मग जन्मभर लोकांच्या घरचे सत्यनारायण करायचे, आणि कुणी दुखणाईत दिसला की मान खाली घालून पुढे जायचं.

"आता लगेच सांगायचं. तरंगत्या बरगड्या किती?"

अंगठा करंगळीकडे निघाला. आप्पांनी तो झटकन मुठीत धरला.

"आता सांग."

भिकाजीने तोंड उघडलं. एक शब्द येईना. सगळं पुस्तक आत होतं, पण दार सापडत नव्हतं.

"सोडा, आप्पा."

"साहेब सोडील?"

"पाया पडतो तुमच्या, हात सोडा." त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. आप्पांनी मूठ आणखी आवळली.

"दोन जोड्या," माजघरातून आवाज आला.

आप्पा दचकले. "कोण गो ते?"

"मी, गोदा."

भिकाजीची बायको आत तांदूळ पाखडत होती. मराठी चौथीपर्यंत शिकलेली. आप्पांनी भिकाजीकडे पाहिलं, मग दाराकडे तोंड करून विचारलं, "मिनिटाला नाडीचे ठोके किती?"

"बहात्तर." सुपाचा आवाज थांबलासुद्धा नाही.

"पित्त कुठे तयार होतं?"

"यकृतात. साठतं पित्ताशयात."

"तू कधी पाठ केलंस?" भिकाजी जवळजवळ ओरडलाच.

"पाठ कुठे केलं? आतबाहेर करताना कानावर पडत होतं, तेवढं राहिलं. पहिलं पान मला येत नाही हो. तेव्हा मी विहिरीवर असते."

भिकाजीला तिचा भयंकर राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली, आणि पाणी पुसायलाही त्याने दुसरा हात उचलला नाही.

आप्पांनी डाव्या हाताने पुस्तक मिटलं. "सकाळी बोटीवर न्यायला पडाव येईल. तिकीट एकच आहे. दोघांतलं कुणी जायचं ते ठरवा म्हणजे झालं."

थट्टाच होती. पण कुणी हसलं नाही, आप्पाही नाहीत.

आत सूप थांबलं. मग गोदा दाराआड येऊन उभी राहिली. तिच्या बांगड्या दाराला लागल्या.

"आप्पा, त्या शाळेत बायकांना घेतात?"

आप्पांना ठाऊक नव्हतं. शाळेचं नियमांचं पुस्तक भिकाजीपाशी होतं. तेही त्याने पहिल्या कलमापासून पाठ केलं होतं.

"घेतात," भिकाजी ताबडतोब म्हणाला. "मॅट्रिक झालेल्यांना."

बांगड्या दाराआडून गेल्या. आत पुन्हा तांदूळ पाखडले जाऊ लागले.

आप्पांनी खाली पाहिलं. भिकाजीचा अंगठा अजून त्यांच्या मुठीतच होता.