सवतीचा आवाज

नऊ वाजायला अकरा मिनिटं होती आणि घड्याळजींचा हात अजून मांडीवरच होता.

तो हात वर जायला हवा होता. पाहणीसाठी आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "काका, मला पक्ष्यांचे आवाज ओळखता येत नाहीत. तुमची फटाकडी बोलली की नुसता हात वर करा, तोंडातून अवाक्षर नको. मी आवाज टिपायचं यंत्र सुरू करीन. ऑफिसातले जाणकार नंतर ऐकून खात्री करतील." तीन दिवस, सकाळी सात ते नऊ. या वसंतात फटाकडी इथे आहे एवढं सिद्ध झालं, तर तळ्याकाठचं बोरूचं रान वाचणार होतं. नाहीतर आजच दहाला ते साफ करून वाहनतळाचं काम सुरू. बुलडोझर रस्त्यावर येऊन उभाच होता. ड्रायव्हर पायरीवर बसून पेपर वाचत होता.

परवाची सकाळ कोरडी गेली. कालचीही. आज शेवटची.

फटाकडी म्हणजे मूठभर तांबूस पक्षी. बोरूच्या बाहेर सहसा येत नाही, त्यामुळे दिसण्याचं नाव नको. ती कळते ती आवाजाने. वरून खाली घरंगळत येणारी एक थरथरती शीळ. घड्याळजी चाळीस वर्षं ती वहीत टिपत आले होते. ऐकली तर टिपली, नाही तर नाही. त्या वहीत शंकेला जागा नव्हती. घरी मात्र ते दाढी करताना हीच शीळ घालायचे, आणि बायको ओट्यापासून ओरडायची, "झालं का माझ्या सवतीचं गाणं? चहा निवतोय!" सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवली की तिचं ठरलेलं, "निघाली स्वारी फटाकडीकडे!" ओट्यासमोरची खिडकी तळ्याकडे उघडायची, तिथून तिला त्यांची पाठ दिसायची. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई पहिलं वर्षभर घड्याळजींशी धड बोलतही नव्हत्या.

आज तीच बायको सवतीच्या दारात आली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "थर्मास घेऊन येते, तेवढीच मदत," म्हणाली आणि बाकावर अगदी चिकटून बसली. घड्याळजींना ते नकोच होतं. आपली फजिती बघायला घरचं माणूस कशाला?

कारण त्यांना धास्ती निराळीच होती. गेल्या महिन्यात दुकानात दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ त्यांनी कानाला लावलं. टिकटिक नव्हती. उघडून पाहिलं, तर आत सगळी चाकं छान फिरत होती. त्यांनी मुकाट्याने झाकण लावलं आणि कुणाकडे ब्र काढला नाही. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, बारीक आवाजच कुठेतरी गळून चालले होते. मग फटाकडी गेली होती, की आपले कान गेले होते? मॅडमना सांगावं, तर चाळीस वर्षांच्या वह्या बहिऱ्याच्या वह्या ठरणार. न सांगावं, तर रान जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

नऊला चार मिनिटं. ड्रायव्हरने पेपरची घडी घातली.

उगाचच करावा का हात वर? मॅडम यंत्र सुरू करतील. ऑफिसात कुणीतरी ऐकेल आणि त्यात नुसता वारा निघेल. तोवर चार दिवस तरी मिळतील. बोटं उचलली गेलीसुद्धा. घड्याळजींना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी तळहात मांडीवर गच्च दाबून धरला.

बायकोने तो मनगटाला धरून उचलला. थेट डोक्याच्या वर.

मॅडमनी हेडफोन चढवून यंत्राचं तोंड बोरूकडे वळवलं. लाल दिवा लागला. घड्याळजींनी कान टवकारले. बोरू हलत होता, पाणी चमकत होतं, शीळ म्हणून कुठे नव्हती. हिने हे काय करून ठेवलं? जन्मभर या वहीची टिंगल करणारी बाई, आज नवऱ्याची लाज राखायला खोटा हात वर करते! त्यांनी हात खाली ओढून पाहिला. तिची पकड सुटेना. आणि बोलायची तर सोयच नव्हती.

दिवा विझला. मॅडमनी हेडफोन उतरवले. घड्याळजी ताडकन उभे राहिले.

"मॅडम, खरं सांगायचं तर..."

"खरं सांगायचं तर अंगावर काटा आला, काका! अगदी तुम्ही म्हणाला होतात तशी, वरून खाली घरंगळत. आणि दोनदा! थांबा, आधी त्या बुलडोझरवाल्याला परत पाठवते."

मॅडम पळतच रस्त्याकडे गेल्या. घड्याळजी मटकन बाकावर बसले. बायको थर्मासचं झाकण फिरवत होती.

"तुला ऐकू आली?"

"न यायला काय झालं? चाळीस वर्षं दाढीच्या फेसातून ऐकतेय."

तिने कप भरला आणि त्यांच्या हातात दिला. मग अगदी जवळ सरकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "परवाही बोलली होती. कालही बोलली. आपल्या ओट्यापर्यंत आवाज येत होता. आणि तुम्ही दोन्ही दिवस घरी येऊन म्हणालात, 'आज काही आली नाही.' तेव्हाच ठरवलं, यापुढे सवतीकडे तुम्हाला एकटं धाडायचं नाही."