अकरा महिन्यांचं पूर्वदर्शन

करार करण्याआधी भाडेकरूचे पुढचे अकरा महिने दोन्ही पक्षांनी यंत्रावर एकत्र बघायचे, असा कायदा झाल्यापासून घरमालक खांबेट्यांची छाती दोन इंच फुगली होती. चिवडा मांडून ते पत्नी कुमुदताईंसह पडद्यासमोर बसले. खोली बघायला आलेली नर्स हर्षदा समोरच्या खुर्चीत होती.

पहिले तीन महिने पडद्यावरची हर्षदा ड्यूटीवरून यायची आणि झोपायची.

"किती कंटाळवाणी आहे बघा काका मी," ती हसली.

चौथ्या महिन्यात ती कामावर गेली आणि तिच्यामागे तिच्या बंद खोलीचं दार उघडलं. आत आले खुद्द खांबेटे. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं, आत मासे नाहीत ना हे हुंगून पाहिलं, झाकण होतं तसंच तिरकं ठेवलं आणि ते तिच्या कपाटाकडे वळले.

खांबेट्यांचे कान तापले. "अहो, हे अजून घडलेलं नाही. यंत्राचा आपला अंदाज."

हर्षदानं पर्स उचलली. "येते मी, काकू."

कुमुदताई पडद्याकडेच बघत होत्या. आधीच्या तीन मुली कारण न सांगता खोली सोडून गेल्या होत्या.

"हात चांगला सरावलेला दिसतोय," त्या म्हणाल्या.

खांबेट्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.