मयताचे टायर

"हा घे, कोरा करकरीत," म्हणत दुकानदाराने तिसरा टायर पुढ्यात टाकला. सेम्पालाने तो उचलून आधी नाकाला लावला. जळका वास. म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर तापल्या सुरीने नव्या खाचा कोरलेल्या आणि वरून काळं पॉलिश फासलेलं. वरून नवरदेव, आतून म्हातारा.

त्याने तो गुपचूप खाली ठेवला. तुझ्या त्या खटाऱ्याला काय विमानाचे टायर हवेत का, असं दुकानदाराने विचारलं. सेम्पाला हसला. खिशात नव्वद हजार शिलिंग होते. तेवढ्यात असले कोरीव जोडीने आले असते, चांगला मात्र एकच.

आणि त्याला दोन्ही हवे होते, तेही उद्याच्या आत.

झालं होतं असं की गेल्या आठवड्यात चढावरच्या लाल चिखलात त्याची बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, घसरली आणि मागे बसलेली नर्सबाई पांढऱ्या गणवेशासकट चिखलात बसली. लागलं कुणालाच नाही. पण थांब्याच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर बजावलं, सोमवारपर्यंत टायर बदल, नाहीतर थांबा सोड. थांबा सुटलेला बोडावाला म्हणजे परक्या गल्लीतलं कुत्रं. जिथे उभा राहील तिथून हाड् हाड्.

दुकानाबाहेर वास्वा वाट बघत होता. थांब्यावरचा दोस्त, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "बापाकडे माग की. सुतार आहे, हात चालतोय त्याचा. एका शब्दाचं काम."

"तो शब्द माझ्याकडे नाही," सेम्पाला म्हणाला.

वास्वाला सगळं ठाऊक होतं. आई जाऊन वर्ष भरायच्या आत बापाने दुसरं लग्न केलं आणि टेकडीपलीकडे नवं घर बांधलं. सेम्पाला लग्नाला गेला नाही. त्या घराची पायरीही चढला नाही, ते नेमकं कुठलं हेही विचारलं नाही. दोन वर्षं झाली. माझा बाप आईबरोबरच गेला, असं तो थांब्यावर खुशाल सांगायचा.

वास्वाने विषय सोडून दिला. हे नवलच होतं. मग म्हणाला, रविवारच्या बाजारात टोमॅटोवाल्यांच्या रांगेत नान्तेझा नावाची बाई बसते, तिच्याकडे टायरची जोडी आहे, बघ.

बाई चाळिशीची होती. रीतीप्रमाणे तिने गुडघे टेकून त्याची खुशाली विचारली, मग चटईमागून टायर काढले. सेम्पालाने बाजूवरचे चार आकडे वाचले. गेल्या वर्षीचा माल. वाकवून पाहिला, एक भेग नाही. नख रुतवलं, रुतेना. त्याच्या जुन्या गाडीच्या मापाचे, दोन्ही, न वापरलेले. बाईने ऐंशी हजार सांगितले. जोडीचे.

इतकं स्वस्त ऐकून त्याने अदबीने विचारलं, "चोरीचे नाहीत ना, न्याबो?"

"माझ्या नवऱ्याने घेतले होते. घरात पडून होते. ज्याला उपयोग, त्याने न्यावेत."

"आणि त्याला नकोत?"

बाई टोमॅटो पुसत राहिली. "आतून खचत गेला. बोलायचा नाही, जेवायचा नाही. मी काय करणार, लेका?"

सेम्पालाने टोपी काढली. पुढे विचारणं बरं नव्हतं. तो नव्वद देऊ लागला, तिने ऐंशीच घेतले. कुठे चालवतोस, घरी कोण रांधतं, अशी चौकशी मात्र तिने केली. चढावर घाई करू नकोस, असंही सांगितलं. आई गेल्यापासून त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाताना दोन्ही खांद्यांवर टायर, अशी त्याची वरात निघाली.

सोमवारी प्रमुखाने टायर दाबले, ठोकले, खाली वाकून पाहिले. खूश झाला. कुठले रे, म्हणाला. एका बाईचा नवरा वारला, त्याचे, असं सेम्पालाने सांगितलं.

प्रमुखाचा हात जागीच थांबला. "मबुगो दिलास?"

मबुगो म्हणजे मयताच्या घरी नेऊन द्यायचे पैसे. दफनाला जमलं नाही तर मागाहून जावं, पण जावंच. मयताची वस्तू घेऊन मबुगो न देणाऱ्याच्या मागच्या सीटवर तो मयत येऊन बसतो आणि भाडंही देत नाही, अशी थांब्याची पक्की समजूत होती. प्रमुखाने निकाल दिला. आधी मबुगो, मगच रांगेत गाडी.

सगळ्यांनी खिसे चाचपले, पाकीट भरलं. वास्वाला एकाएकी खोकला लागला. पत्ता मात्र त्याने बिनचूक सांगितला. टेकडीपलीकडे, चर्चच्या मागे, निळं दार.

नवे टायर चढावर असे चिकटले की सेम्पालाला गाणं म्हणावंसं वाटलं. पण निघालो कशाला, हे आठवून तो गप्प झाला. काय बोलायचं ते वाटभर घोकत राहिला.

नान्तेझा ओट्यावर मटोकेची हिरवी केळी सोलत होती. त्याला पाहताच तिच्या हातातली सुरी थांबली. सेम्पालाने मान खाली घातली, पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि घोकलेलं म्हणून टाकलं. उशीर झाला, माफ करा. तुमचा माणूस गेला, तो आमचाच गेला. त्याने मला तारलं. जिवंतपणी भेटलो असतो तर पाया पडलो असतो.

त्याने वर पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ हसू दाबत होते. पाकीट न घेताच ती निळ्या दाराकडे वळली.

"अहो, बाहेर या जरा. तुमचा मुलगा आलाय, तुमच्या मयताला."