दारावर काय लिहू?

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे लेकीनं आपल्या खोलीच्या दारावर काही लिहून मागितलं की त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. पंधरावं लागल्यापासून ती त्या दारावर गायिका झाली, गुप्तहेर झाली, मग प्राण्यांची डॉक्टर. ही डॉक्टरकी शेजारच्या मांजरानं ओरबाडेपर्यंत टिकली. दर वेळी जुन्या अक्षरांवर पांढऱ्या रंगाचा हात आणि त्यावर नवी अक्षरं. शेवटी रंगाचे थर इतके चढले की दार चौकटीत बसेना.

"एकदा काय ते ठरव ना बाई!" आई दाराला खांदा लावत ओरडली. "तुझ्या वयात मला सगळं ठाऊक होतं."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, या वेळी काय लिहायचं, मलाच कळत नाहीये."

"मग नको लिहायला," बाबा म्हणाले. त्यांनी दार घासून सपाट केलं आणि वर नुसता पांढरा हात दिला. "कोरी पाटी वाईट दिसत नाही. गिऱ्हाईक अजून विचार करतंय, एवढंच लोकांना कळतं."

आई त्या कोऱ्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. नवीन लग्न झालेलं असताना बाबांनी त्यावर हौसेनं 'गृहमंत्री' असं रंगवलं होतं.

"अहो, रंग उरला असेल तर इथेही एक हात मारा."

"आणि त्यावर काय लिहू?"

"कसली घाई झालीय तुम्हाला? ठरवू दे की मला!"