किती पानं रायली?

दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या जादूगारांची आठशे पानी कादंबरी हाती आली आणि मी तिच्यात अशी रंगले की पोळ्या करपू लागल्या. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "काय हाय वं त्याच्यात?"

"जादू," मी मान वर न करताच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणीची भांडी त्या घासू लागल्या. लकव्याने वाचा गेलेल्या मामंजींना भरवायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. "तू वाच बाई. किती पानं रायली?" एवढंच रोज विचारायच्या. अख्ख्या अकोल्यात अशी सासू नाही, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले.

काल शेवटचं पान संपलं. सासूबाईंनी मला हाताला धरून मामंजींच्या खाटेपाशी नेलं.



"झालं ना शिकून? मंग आता यायले बोलतं कर."